आजी नोंदणीकृत नाहीत

मी रागीट नाही. हे वाक्य मी घरात उच्चारलं की बायको काहीतरी उतू चाललंय असं म्हणून स्वयंपाकघरात निघून जाते. पण खरंच सांगतो, मला राग येतो तो फक्त मूर्खपणाचा, आणि मूर्खपणा जगात मुबलक पिकत असेल तर त्याला मी काय करू? गेल्या महिन्यात आलेला राग मात्र रोजच्यातला नव्हता. तो अजून उतरलेला नाही. उतरायच्या आत लिहून काढावा म्हणून बसलोय.

सुरुवात मुलीच्या शाळेच्या परिपत्रकाने झाली. शाळा खासगी आहे. म्हणजे तिथे वर्गाला वर्ग म्हणत नाहीत, ‘अध्ययन कक्ष’ म्हणतात, आणि फाटकावरचा माणूस पालकांना आत सोडताना आपल्या घरात घेतल्यासारखा बघतो. परिपत्रक जाड, गुळगुळीत कागदावर होतं. ‘गुणगौरव व समाजसेवा सन्मान सोहळा’. आमची मुलगी नववीत आहे आणि गणितात अख्ख्या शाळेत पहिली आली होती. पहिल्या आलेल्यांना मंचावर बोलावणार, प्रमाणपत्र देणार, प्रत्येकाने माईकवर दोन वाक्यं बोलायची. त्यांच्या पालकांना पहिल्या चार रांगांत जागा.

पहिल्या चार रांगा वाचून मी इस्त्रीला सदरा टाकून आलो. माझ्या आयुष्यात मी कशातच पहिल्या चार रांगांत बसलेलो नाही. विमा कंपनीच्या कचेरीत बावीस वर्षं आवक खिडकीमागे बसतो, तिथे एकच रांग असते आणि ती समोरच्यांची.

दोन वाक्यांचं मी मनावर घेतलं नाही. मुलगी लहानपणापासून बोलताना अडखळते. एखाद्या अक्षरावर येऊन थांबते आणि पुढचं काही केल्या निघत नाही. घरी आम्ही तिचं वाक्य पुरं करून देतो. मी तर त्यात तरबेज आहे, तिच्या पहिल्या अक्षरावरून शब्द ओळखतो. तेव्हा ती दोन वाक्यं बाईंना सांगून रद्द करून घ्यायची, असं मी मनात ठरवूनही टाकलं होतं.

परिपत्रकाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक टीप होती. ‘ज्यांच्या चाळीस तासांच्या प्रमाणित समाजसेवेची नोंद झालेली आहे, अशाच विद्यार्थ्यांना मंचावर पाचारण करण्यात येईल. इतरांनी आपले प्रमाणपत्र त्याच दिवशी खिडकी क्रमांक दोनवरून घेऊन जावे.’

“आपलं काय?” बायकोने विचारलं.

“बाबा, माझे त— त—”

“तास झालेत,” मी म्हणालो. “झालेत म्हणजे काय, चिक्कार झालेत.”

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, आता काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. मुलगी दीड वर्षं रोज संध्याकाळी पाच ते सहा त्यांच्याकडे जाऊन पेपर वाचून दाखवते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरावर तिच्या आजारपणाचे आणि परीक्षांचे दिवस वजा करून हिशेब मांडला. पाचशे बारा तास. शाळेने चाळीस मागितले होते. मी त्या दिवशी फार खुशीत झोपलो.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून शाळेत गेलो. ‘सेवा समन्वयक’ अशी पाटी असलेल्या खोलीत एक बाई बसल्या होत्या. समोर फायलींची उतरंड आणि फॉर्मांचा गठ्ठा.

“संस्थेचं नाव?” त्यांनी पेन उचललं.

“संस्था नाही. आमच्या खाली आजी राहतात, त्यांना दिसत नाही. मुलगी रोज जाऊन पेपर वाचते.”

“अरे वा,” बाई म्हणाल्या आणि पेन खाली ठेवलं. “आजी नोंदणीकृत आहेत का?”

“आजी?”

“म्हणजे त्यांची संस्था हो.”

“त्यांची संस्था नाही. दोन खोल्या आहेत आणि एक मांजर आहे.”

“मग लेटरहेड नसेल.”

“नाही.”

“गोल शिक्का?”

बाई वाईट नव्हत्या, हे मला कबूल केलं पाहिजे. त्यांनी मला समजावं म्हणून नमुन्याच्या फायली उघडून दाखवल्या. पहिल्या फायलीत एक मुलगी खड्ड्यात रोप लावत होती. दुसरीत दुसरी मुलगी रोप लावत होती. पाचव्या फायलीपर्यंत माझ्या लक्षात आलं की रोप तेच आहे, डाव्या बाजूचं अर्धं पान फाटलेलं. खड्डाही तोच. त्या एका रोपट्याने निदान अकरा विद्यार्थ्यांची समाजसेवा उरकली होती. ते जगलं की नाही ते कुठल्याच फायलीत नव्हतं. पुढच्या फोटोत एका झाडूला नऊ जणांनी हात लावला होता आणि जमिनीवर एक कागदाचा बोळा होता, तोही नवा.

“हे बघा,” बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, “एक कंपनी शिबिर घेते. शनिवार-रविवार. चाळीस तास पक्के. टोपी, फोटो, प्रमाणपत्र, सगळं तेच देतात.”

“दोन दिवसांत चाळीस तास?”

“बसचा प्रवास धरतात.”

“तरी भरत नाहीत.”

“झोप धरतात ना. शिबिरातली झोप सेवेत येते.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी मुलगी पाचशे बारा तास जागी राहून सेवा करते ती शून्य, आणि दुसऱ्याची मुलं टोपी घालून घोरतात ती सेवा. मी हे बाईंना सांगितलं. आवाज जरा चढला असेल, कारण बाहेर बसलेला शिपाई दारात येऊन उभा राहिला. बाई म्हणाल्या, “नियम मी केलेले नाहीत.” हे वाक्य मी स्वतः बावीस वर्षं खिडकीतून लोकांना ऐकवत आलोय. समोरून ऐकताना ते किती घाणेरडं लागतं हे मला त्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर मी जिन्यात दोन मिनिटं मोठ्याने बोललो असेन, तेवढ्याने वरचे काका खाली आले. यांना अख्खी इमारत ‘सल्लागार’ म्हणते. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं पुष्कळ असतात, पण काका उंटावरून खाली उतरून आपल्या घरात येतात आणि चहा होईपर्यंत उठत नाहीत.

“सोपं आहे,” ते म्हणाले. “संस्था काढ.”

“काका, मुलीच्या एका प्रमाणपत्रासाठी संस्था?”

“सात माणसं लागतात, बस. तुझं शालेय काम कायमचं मिटेल. पुढे नातवंडांनाही उपयोगी.”

बायको म्हणाली, “तिला एकदा विचारून तरी बघा तिला काय हवंय.” मी म्हणालो, तिला काय हवंय ते मला कळतं. बायको स्वयंपाकघरात गेली.

सात माणसं म्हणजे मी, बायको, काका, काकू, कोपऱ्यावरचा औषधवाला, इस्त्रीवाला आणि तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर. पहिली सभा आमच्या बैठकीत भरली. नाव ठरवायला सव्वा तास गेला. डॉक्टरांना नावात ‘आरोग्य’ हवं होतं, काकांना ‘अखिल’ हवं होतं. इस्त्रीवाला म्हणाला, काहीही ठेवा पण मला सात वाजता दुकान उघडायचंय. शेवटी काका अध्यक्ष झाले, कारण ते आधीपासूनच अध्यक्षाच्या खुर्चीत बसले होते. काकूंनी उपाध्यक्ष व्हायला नकार दिला. घरात त्यांच्या हाताखाली तो गृहस्थ, आणि कागदावर ह्या त्याच्या हाताखाली, हे त्यांना पटेना. त्यांना खजिनदार केलं. खजिना नव्हता म्हणून त्या तयार झाल्या.

नोंदणी कार्यालयात माझा नंबर यायला दुपार झाली. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला, पुन्हा वाचला, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“उद्दिष्टांत वाचन लिहिलंय. वाचन म्हणजे ग्रंथालय. ग्रंथालय दुसऱ्या खात्यात.”

“ग्रंथालय नाही हो. एक मुलगी एका आजींना पेपर वाचून दाखवते.”

“मग कार्यक्षेत्र काय लिहू? जिना?” तो म्हणाला. मग त्याने मान तिरकी केली. “तुम्ही त्या विमा कचेरीतले ना? आवक खिडकी?”

मी हो म्हणालो. नाही म्हणायला हवं होतं.

“माझ्या सासऱ्यांचा अर्ज तुम्ही तीनदा परत केलात. शिक्का फिका आहे म्हणून. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा म्हणालात, शिक्का गडद आहे, पण तिरका आहे.”

मला ते आठवत होतं. शिक्का खरंच तिरका होता. करावं तसं भरावं म्हणतात, पण इतक्या लगेच, भर दुपारी, रांगेसमोर भरावं लागेल असं वाटलं नव्हतं. त्याने माझा अर्ज दुमडला, अगदी मी दुमडतो तसाच, तीन घड्या घालून, आणि खिडकीतून बाहेर सरकवला. “पूर्तता करून या,” तो म्हणाला. हेही माझंच वाक्य.

मी समन्वयक बाईंकडे परत गेलो. आता सोहळ्याला चार दिवस उरले होते. माझी अवस्था बघून की शिपायाला पुन्हा दारात उभं करायला नको म्हणून, बाई जरा नरमल्या. म्हणाल्या, खास बाब म्हणून चालवून घेऊ. फॉर्मवर लाभार्थीची सही आणि एक फोटो आणा. “फक्त फोटोत लाभार्थीच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं पाहिजे. आणि थोडी गरजही.”

काकांना मी बोलावलं नव्हतं. ते कॅमेरा घेऊन जिन्यातच उभे होते. मी, काका आणि मुलगी आजींकडे गेलो. आजी खुर्चीत ताठ बसल्या होत्या, काळा चष्मा, मांडीवर मांजर. मुलगी सवयीने पेपर घेऊन स्टुलावर बसली.

“आजी, जरा वाका,” काका म्हणाले. “थोड्या थकल्यासारख्या. हात तिच्या डोक्यावर ठेवा. मांजर काढा, मांजरामुळे तुम्ही सुखी दिसता.”

“कसला फोटो आहे हा?” आजींनी विचारलं.

मी फॉर्म वाचून दाखवला. सेवा करणाऱ्याचं नाव, तासांची संख्या, लाभार्थीचं नाव, लाभार्थीला झालेला फायदा.

“लाभार्थी कोण?”

“तुम्ही, आजी. म्हणजे कागदावर. नुसती सही करायची.”

आजींनी मांजर खाली ठेवलं. “मला बातम्या रेडिओवर कळतात. सकाळी सहाला, दुपारी एकला आणि रात्री आठला. दीड वर्षं हिच्या तोंडून शिळा पेपर मी कशाला ऐकतेय असं वाटतं तुला?”

मी फॉर्म उलटा करून बघितला.

“पहिल्या दिवशी साखर मागायला आली होती ही. ‘सा’ वर तीन मिनिटं उभी होती दारात. मी थांबले. चौतीस वर्षं मी लोकांचे आवाज ऐकलेत, कुठला आवाज कुठे अडतो ते मला कळतं. तिला म्हटलं, रोज ये आणि मोठ्याने वाच. सेवा कोण कुणाची करतंय, लिही बघू तुझ्या फॉर्मवर.”

“पण आजी, ह्या फॉर्मशिवाय तिला मंचावर—”

“तेच सांगतेय. तीन आठवडे आमची तयारी चाललीय, त्या दोन वाक्यांची. तिला ती माईकवर बोलायचीत. तुला माहीत नव्हतं?”

मी मुलीकडे बघितलं. ती पेपरच्या घडीकडे बघत होती.

“कसं असणार,” आजी म्हणाल्या. “रोज जिन्यातून ऐकते मी. तिला ती वाक्यं संपवू कुठे देतोस? पुढचा शब्द तूच टाकतोस. निम्मे चुकीचे असतात. ती तेच बरोबर म्हणून चालवून घेते, बापाचा मान राखते.”

मला राग आला. खोटं कशाला सांगू, आधी आजींचाच आला. माझ्या घरात मी काय बोलतो ते जिन्यातून ऐकणाऱ्या ह्या कोण? मग काकांचा आला, कारण ते अजून कॅमेरा डोळ्याला लावून उभे होते. माझ्यापर्यंत यायला त्या रागाला बराच वेळ लागला. इतके दिवस मी चार रांगांसाठी धावत होतो आणि मुलगी दोन वाक्यांसाठी. ही वाक्यं मी परस्पर रद्द करणार होतो.

वर आल्यावर बायकोला विचारलं, “तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“मी सांगायला लागले की तुम्ही माझंही पुढचं ओळखता ना.”

थोड्या वेळाने आजींनी निरोप पाठवला की मुलीसाठी त्या सही करायला तयार आहेत, लाभार्थी म्हणा नाहीतर भिकारी म्हणा. मी फॉर्म घेऊन निघालो, तर मुलीने तो माझ्या हातातून घेतला. टेबलाशी बसून स्वतःच भरला. सेवा करणाऱ्याच्या रकान्यात आजींचं नाव लिहिलं. लाभार्थीच्या रकान्यात स्वतःचं. तास पाचशे बारा. झालेला फायदा: ‘मी आता वाचताना कमी थांबते.’

“अगं, अशाने तुला मंच मिळणार नाही,” मी म्हणालो.

“पण हे ख— ख—”

खरं आहे, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी जीभ दातांत धरली. मोजून नऊ सेकंद लागले.

“खरं आहे,” ती म्हणाली.

समन्वयक बाईंनी तो फॉर्म दोनदा वाचला. “म्हणजे हिने सेवा घेतली,” त्या म्हणाल्या. “सेवा घेणाऱ्यांचा सन्मान नसतो हो. तशी तरतूदच नाही. आणि आजी आमच्या विद्यार्थिनी नाहीत.” मी त्यांना म्हणालो की तुमच्या शाळेत एक रोपटं अकरा वेळा लावलं जातं आणि त्याला कुणी पाणी घालत नाही. मी म्हणालो की झोपेचे तास मोजणाऱ्यांनी जाग्या माणसाला तरतूद शिकवू नये. बरंच म्हणालो. शिपाई आला, मग दुसरा शिपाई आला, मग मुख्याध्यापिका बाई आल्या आणि त्यांनी माझं म्हणणं लेखी मागितलं. मी लेखी दिलं. शाळेच्या आवक खिडकीवर ते घेतलं गेलं नाही, सोबत दोन प्रती जोडलेल्या नव्हत्या.

सोहळ्याच्या दिवशी आम्ही चौघं खिडकी क्रमांक दोनसमोर रांगेत उभे होतो. मी, बायको, मुलगी आणि मुलीच्या कोपराला धरून आजी. आजींना कुणी बोलावलं नव्हतं, त्या चपला घालून जिन्यात तयार होत्या. शेजारच्या सभागृहातून टाळ्या ऐकू येत होत्या. रोपटेवाल्यांची नावं चालू होती. इस्त्री केलेला सदरा मी घातला होता, आणि प्रत्येक टाळीगणिक मला तो फाडून टाकावासा वाटत होता.

आमचा नंबर आला. खिडकीतल्या वयस्क कारकुनाने प्रमाणपत्र काढून समोर ठेवलं. “इथे सही.”

मुलीने सही केली नाही. “मला दोन वाक्यं बोलायची आहेत,” ती म्हणाली. हे ती न थांबता म्हणाली.

“कुणाशी?”

“तुमच्याशी.”

कारकुनाने तिच्याकडे पाहिलं, मग मागच्या रांगेकडे. काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने शिक्का बाजूला ठेवला आणि हात टेबलावर घेतले.

“मला गणित आवडतं,” मुलगी म्हणाली, “कारण गणितात ब— ब—”

“बक्षीस मिळतं,” आमच्या मागचा एक गृहस्थ म्हणाला. हातात गाडीची किल्ली होती, ती बोटाभोवती फिरवत होता. चांगल्या मनाने म्हणाला असेल. मीही चौदा वर्षं चांगल्याच मनाने म्हणत आलोय.

मुलीने मान हलवली. “बोलावं लागत नाही,” ती म्हणाली.

गणितात बोलावं लागत नाही म्हणून ते आवडतं. चौदा वर्षं मी तिच्या तोंडात किती बक्षिसं कोंबली असतील. मी वळलो आणि त्या गृहस्थाला असा काही आवाज दिला की सभागृहाच्या दारातला शिपाईसुद्धा दचकला. “गप्प बसा. तिचं एक वाक्य अजून राहिलंय.”

गृहस्थाने किल्ली खिशात टाकली. मुलीने आजींचा हात घट्ट धरला.

“आणि मला मंचावर बोलावलं नाही,” ती म्हणाली, “याचा मला र— र—”

ती थांबली. शब्द कारकुनाला कळला होता, बायकोला कळला होता, मागच्या सगळ्या रांगेला कळला होता. मला तर तो गेला महिनाभर तोंडपाठ होता. सभागृहात एका फेरीच्या टाळ्या वाजून संपल्या. कुणी काही बोललं नाही.

“राग आलाय,” ती म्हणाली, आणि सही करायला पेन मागितलं.